स्कुबाची टाकी दुकानात २०० बार दाबाला भरून घेतली, घरी आल्यावर काटा १८५ दाखवतो. दुकानदाराने फसवलं का?

फसवलेलं नाही. घाईत भरून दिली आहे. झटपट भरली की हवा तापते आणि काटा जास्त दाखवतो, गार झाली की दाब उतरतो. हवा मात्र तुम्हाला कमीच मिळाली, हेही तितकंच खरं.

मुंबईच्या दारूखाना भागातल्या एका शेडमध्ये मी नऊ वर्षं टाक्या भरल्या. जहाजांचे तळ घासणारे डायव्हर आमचे रोजचे, हंगामात तारकर्लीला जाणारे हौशी लोक वेगळे. कॉम्प्रेसरला साठ्याचे चार मोठे सिलिंडर जोडलेले होते. त्यांतून सोडली तर अकरा लिटरची टाकी चार मिनिटांत भरायची. नुसत्या कॉम्प्रेसरवर पंचवीस मिनिटं लागायची.

जानेवारीतला शुक्रवार, संध्याकाळची वेळ. एक गिऱ्हाईक दोन टाक्या घेऊन आलं. रात्रीच मालवणला निघायचं होतं, गाडी बंदसुद्धा केली नव्हती. मी म्हटलं, तासभर द्या, हळू भरतो. मालकाने माझ्या हातातला होज घेतला आणि साठ्याचा व्हॉल्व्ह सरळ उघडला. चार मिनिटांत काटा २०७ वर. मी टाकीच्या खांद्यावर तळवा टेकवला तर दोन-तीन सेकंदांच्या वर ठेववेना. पन्नास अंश तरी असणारच. मी मालकाला म्हटलं, गार होऊ द्या, मग वरची भरू. ‘जाऊ दे त्याला,’ एवढंच उत्तर मिळालं.

सकाळी मालवणला त्या माणसाने काटा बघितला, १९१. फोनवर शिव्या दिल्या. सोमवारी शेडमध्ये आला आणि चार डायव्हरांदेखत मला चोर म्हणाला. पेट्रोल पंपावर मापात मारतात तसं मारलंस, म्हणाला. मालकाने मुकाट्याने त्याचे पैसे परत केले. माझ्या बाजूने एक शब्द काढला नाही. पैसे परत केले म्हणजे चोरी कबूलच केली की!

हिशेब शाळेतलाच आहे. तापमानात २७३ मिळवा. पन्नासचे झाले ३२३, मालवणच्या सकाळच्या पंचवीसचे २९८. त्या प्रमाणात २०७ चे १९१ होतात, तुमच्या २०० चे १८५ च्या आसपास. अंशामागे साधारण ०.६ ते ०.७ बार धरून चाला. सोळा बार गेले म्हणजे अकरा लिटरच्या टाकीत पावणेदोनशे लिटर हवा कमी. दहा मीटरवर ती चारेक मिनिटं पुरली असती. म्हणजे त्या माणसाचा राग खरा होता, पण त्याने धरला चुकीचा माणूस.

म्हणून सांगतो, टाकी भरताना समोर उभे राहा. मिनिटाला वीस-तीस बारच्या वर जाऊ देऊ नका. भरून झाली की दोन तास बाजूला ठेवून पुन्हा वरची भरून घ्या. दुकानदार ‘वेळ नाही’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा. पाण्याच्या पिंपात उभी करून झटपट भरतात, त्यावरही विश्वास ठेवू नका. बाहेरचा पत्रा गार लागतो, आतली हवा तापलेलीच असते. वर व्हॉल्व्ह ओला राहिला तर पाणी आत जातं.

मालक नंतर म्हणायचा, २२० ला सोडत जा, गार झाली की बरोबर बसेल. यात तथ्य नाही असं नाही. अमेरिकन टाक्यांवर कोरलेला दाब २१ अंशांचा असतो, त्यामुळे मुंबईच्या ३२ अंशांत २०७ ची टाकी २१५ दाखवत असेल तर ती जास्त भरलेली नसते. पण तो अंदाजाने सोडायचा, टाकीवरची दाब-चाचणीची तारीख न बघता. मी ते केलं नाही, आणि सहा महिन्यांत तिथून निघालो. जाईपर्यंत प्रत्येक टाकीला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर वेळ, दाब आणि गार झाल्यावरचा दाब लिहीत होतो. तसं तुमच्या दुकानदाराकडूनही लिहून घ्या.

एक राहिलं. दोन काट्यांत पाच-दहा बारचा फरक सहज असतो, त्यामुळे दुकानातला आणि तुमचा काटा आधी एकाच टाकीवर लावून बघा. आणि गळती आहे का ते असं कळेल: टाकी सावलीत ठेवा, उद्या याच वेळी पुन्हा काटा लावा. १८५ च असेल तर टाकी ठीक आहे. १८० झाला तर व्हॉल्व्हच्या मानेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर बहुतेक ओ-रिंग, म्हणजे तिथली रबरी कडी, गेली आहे, हवा सोडून ती बदलून घ्या.