काळ्या कातळातलं ‘हाड’

प्रश्न : पनवेलजवळ विहीर खणताना काळ्या कातळात पांढरे, हाडासारखे तुकडे निघाले. डायनासोर संपल्यावर आलेल्या पॅलिओसीन काळातल्या प्राण्यांचे ते असतील का?

उत्तर : नाही. काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. वाहताना तो ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. त्यात हाड टिकत नाही. थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्यातली खनिजं त्या भरून काढतात. तुमचे तुकडे बहुधा तेच आहेत.

खात्री घरीच करता येईल. ताजी फुटलेली कड दहापट भिंगाखाली धरा. हाडात बारीक छिद्रांची जाळी दिसते. खनिजात एका जागेवरून पसरलेल्या सुया किंवा चकाकणारे सपाट पैलू. मग चाकूचं टोक ओढा. ओरखडा उठलाच नाही तर गारगोटीच्या जातीचं खनिज. उठला तर थोडी पूड खरवडून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. नाहीतर बहुतेक झिओलाइट, म्हणजे लाव्ह्याच्या पोकळ्यांत वाढणारं खनिज. थेंब अखंड तुकड्यावर टाकू नका. तिथे फेस इतका मंद येतो की चुकीचा निष्कर्ष निघतो.

पॅलिओसीन मात्र तुमच्यापासून लांब नाही. हा काळ ६ कोटी ६० लाख ते ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. दख्खनचा बराचसा लाव्हा त्याच्या सुरुवातीच्या आगेमागे ओतला गेला, पण मुंबईतले काही खडक त्याहून नंतरचे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी सुमारे ६ कोटी वर्षांची. त्याच सुमारास सेशेल्सचा (हिंदी महासागरातल्या बेटांचा) भूखंड भारतापासून तुटला आणि आपली पश्चिम किनारपट्टी घडू लागली. पनवेलच्या पट्ट्यात लाव्ह्याचे थर समुद्राकडे झुकलेले दिसतात, ते याच घडामोडींमुळे. कोकणाच्या जन्माचा हा काळ आपल्या शाळांत शिकवला जायलाच हवा.

जीवाश्म शोधायचे तर दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळाच्या थरात शोधा. वरळी आणि मलबार हिलच्या अशा थरांत बेडूक, कासवं सापडली. तिथल्या चिमुकल्या बेडकाचं वर्णन इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं. ‘डायनासोर’ हे नावही त्यांनीच दिलेलं. लाल, विटेसारखा थर दिसला तर त्यावर वेळ घालवू नका, ती बहुधा लाव्ह्याखाली भाजलेली जुनी माती. पानांसारखे पापुद्रे सुटणारा राखाडी-तपकिरी गाळखडक हवा. तो सापडला तर धुऊ नका, पाण्याने फुगून त्याचा चुरा होतो. उन्हातही ठेवू नका, तडकतो. जागेवर असतानाच शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, वरचा-खालचा थर लिहून ठेवा, तुकडा कागदात गुंडाळा. डिंक लावू नका. थराची नोंद नसेल तर जीवाश्माचं वय ठरवता येत नाही, आणि मग अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग राहत नाही.

प्रश्न : रत्नागिरीत जांभ्याखाली, विहिरीत काळं लाकूड मिळालं. तेही पॅलिओसीनचं?

उत्तर : ते लिग्नाइट, म्हणजे लाकूड-पाल्यापासून बनलेला कच्चा कोळसा असावा. रत्नागिरीचं लिग्नाइट मायोसीनमधलं, म्हणजे पॅलिओसीन संपल्यावर ३ कोटींहून अधिक वर्षांनी साचलेलं. हवेत सुकलं की त्याला भेगा पडतात, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात दाखवा.