घरचं राउटर टेबल: पाट, प्लेट आणि जळके डाग

राउटर म्हणजे फिरत्या पात्याने (बिटने) लाकडात खाच पाडणारं, कडांना आकार देणारं विजेचं यंत्र; ट्रिमर हा त्याचा छोटा भाऊ. बिटची दांडी पकडणारा चिमटा म्हणजे कोलेट. राउटर पाटाखाली उलटा टांगला, बिट वर काढलं आणि लाकूड त्यावरून ढकललं की झालं राउटर टेबल. ते बांधण्याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

माझ्याकडे ६ मिमी कोलेटचा ट्रिमर आहे. तोच टेबलाखाली लावू, की मोठा राउटर घेऊ? (घोडबंदर रोड)

कडांना गोलाई देणं, सनमायका ट्रिम करणं, फोटोफ्रेमला छोटी खाच मारणं, एवढंच काम असेल तर ट्रिमर पुरतो. दाराच्या फ्रेमचे जोड किंवा उठावाचं पॅनल करायचं असेल तर मात्र अर्धा इंच कोलेटचा, वेग कमी-जास्त करता येणारा, १६०० वॉटच्या पुढचा राउटरच हवा. मोठं बिट ट्रिमरच्या मिनिटाला ३०,००० फेऱ्यांवर चालवणं धोक्याचं आहे.

बिट घेताना दांडी मोजून घ्या. ६ मिमी आणि पाव इंच (६.३५ मिमी) ही दोन वेगळी मापं आहेत, तसंच १२ मिमी आणि अर्धा इंच (१२.७ मिमी) हीसुद्धा. पाव इंची कोलेटमध्ये ६ मिमीची दांडी आवळल्यासारखी वाटते, पण काम सुरू झालं की बिट हळूहळू सरकतं आणि सुरुवातीला ५ मिमी असलेली खाच शेवटी ७ मिमी होते. दांडी तळाला टेकवा, मग २-३ मिमी वर ओढून आवळा. तळाला टेकलेली राहिली तर कोलेट नीट घट्ट बसत नाही.

वरचा पाट एमडीएफचा करू की प्लायचा? पावसाळ्यात फुगेल का? (ऐरोली)

साधा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) इथल्या पावसाळ्यात टिकत नाही. कडेने ओल धरली की फुगतो आणि एकदा फुगला की परत बसत नाही. १८ मिमीचे बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचे दोन तुकडे चिकटवून ३६ मिमीचा पाट करा. ८०० बाय ६०० मिमी माप घरासाठी भरपूर झालं. ८ बाय ४ च्या एका शीटमधून दोन्ही तुकडे आणि फेन्स (लाकूड टेकवून ढकलायची उभी आधारपट्टी) निघून वर प्लाय उरतो.

प्लाय थोडा वाकलेला असतोच. दोन्ही तुकड्यांवर सरळ पट्टी धरून बघा आणि फुगीर बाजू समोरासमोर आणा. मग क्लॅम्प फक्त कडेला लागतात आणि एकाचा बाक दुसऱ्याचा बाक खातो. फेविकॉल रोलरने सगळीकडे सारखा पसरवा, सपाट जागेवर रात्रभर दाबून ठेवा. सनमायका वर लावाल तेवढाच खालीही लावा. एकाच बाजूला लावला तर दुसरी बाजू हवेतली ओल पित राहते आणि पाट वाटीसारखा होतो. कडांना लाकडी पट्टी आणि पॉलिशचे दोन हात द्या.

शेवटी अॅल्युमिनियमची पट्टी दोन्ही कर्णांवर उभी धरून पाहा. मधे कागदाच्या तीन-चार घड्या जात असतील तर पाट खोलगट आहे. मोठ्या राउटरचं वजन ५-६ किलो असतं, त्यामुळे खाली लांबीच्या दिशेने दोन पट्ट्या उभ्या कडेवर लावल्याच पाहिजेत. खोलगट पाटावर लांब पट्टी दोन टोकांवर टेकते, मधे अधांतरी राहते आणि खाच उथळ पडते. मग लोक बिटला दोष देतात!

इन्सर्ट प्लेट अॅक्रिलिकची चालेल का? (खारघर)

इन्सर्ट प्लेट म्हणजे पाटाच्या मधल्या खाचेत बसणारी, राउटर टांगायची प्लेट. अॅक्रिलिकची नको. राउटरच्या वजनाने आणि गरमीने ती महिनोन्‌महिने लटकत जाते आणि स्क्रूच्या भोकापाशी तडकते. १० मिमीचं हायलम (राळ आणि कागद-कापडाचा दाबलेला कडक पत्रा) किंवा ८ मिमीची अॅल्युमिनियम प्लेट घ्या. राउटरचा मूळ तळ काढा, दुतर्फी टेपने प्लेटवर चिकटवा आणि त्याच्याच भोकांतून खुणा करा. नेमकी भोकं पाडून घ्यायला वागळे इस्टेट किंवा रबाळे-तुर्भे पट्ट्यातली छोटी मिलिंग वर्कशॉपं बरी. स्क्रू त्याच आट्यांचे, पण प्लेट मूळ तळापेक्षा जितकी जाड तितके जास्त लांब घ्या.

प्लेटची खाच प्लेटच्या जाडीपेक्षा अर्धा मिमी खोल ठेवा आणि सगळीकडे १५ मिमीचा काठ सोडून मधलं कापा. काठावर आठ ठिकाणी एम६ चे (६ मिमी जाडीचे) ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले स्क्रू, बसवून प्लेट पाटाच्या पातळीत आणा. सांध्यावरून नख फिरवा, अडकता कामा नये.

उंची बदलायला दरवेळी खाली वाकावं लागतं. गाडीचा जॅक लावला तर? (नेरुळ)

लागतो, पण खुळखुळतो. शिवाय कात्रीच्या जॅकला एका फेऱ्यात खाली असताना जास्त आणि वर गेल्यावर कमी उचल मिळते, त्यामुळे अंदाज बसत नाही. एम१० ची (१० मिमी जाडीची) आटे असलेली सळई बरी: एका पूर्ण फेऱ्याला उंची १.५ मिमी बदलते, पाव फेऱ्याला पावणेचार दशांश मिमी. प्लंज राउटर (मोटर दांड्यांवर खाली-वर सरकणारा) असेल तर त्याच्या स्प्रिंग काढून टाका, नाहीतर त्या उलट्या दिशेने जोर लावत राहतात. आट्यांत ढिलाई असते म्हणून शेवटची हालचाल नेहमी वरच्या दिशेने करा आणि मग प्लंजचा खटका आवळायला विसरू नका.

फेन्स पाटाच्या कडेला समांतर हवा ना? (पनवेल)

अजिबात गरज नाही. एक टोक बोल्टवर फिरतं आणि दुसरं क्लॅम्पने आवळलं तरी काम होतं. फेन्स सरळ हवा आणि पाटाशी काटकोनात हवा. गुण्या लावून तेवढं तपासा.

सागावर काळे डाग पडतात आणि शेवटी टवका उडतो. (कळवा)

डागांची कारणं बहुतेक वेळा तीन: वेग जास्त, मधेच थांबणं आणि बिटवर साचलेला चीक. २५ मिमी व्यासापर्यंत २२,००० ते २४,००० फेरे, ५० मिमीपर्यंत १८,०००, ६३ पर्यंत १६,००० आणि ८० मिमीच्या पुढे १०,००० च्या आसपास ठेवा. ६३ मिमीचं बिट २४,००० वर फिरवलं तर त्याचं टोक ताशी २८५ किलोमीटरने पळतं! चीक रॉकेलने धुवून निघतो. एका फेरीत ३ मिमीपेक्षा जास्त काढू नका, आणि शेवटची फेरी अर्ध्या मिमीची, न थांबता घ्या.

टवक्यावर उपाय सोपा आहे. आधी आडव्या रेषांची टोकं कापा, लांबीच्या बाजू नंतर. टोकं कापताना मागे भंगार लाकडाचा तुकडा लावा. लाकूड उजवीकडून डावीकडे ढकला आणि बिट व फेन्स यांच्यामध्ये कधीही घालू नका. तसं केलं तर बिट लाकूड हिसकून घेतं आणि मागोमाग बोटं जातात.

स्विच कोणता लावू? (दिवा)

राउटरचा खटका लॉक करून नुसत्या प्लगने चालू-बंद करणं टाळा. वीज गेली, तुम्ही बिट बदलायला बसलात आणि वीज परत आली तर? नो-व्होल्ट स्विच लावला की वीज आल्यावर बटण दाबेपर्यंत यंत्र सुरूच होत नाही. तरीही बिट बदलताना प्लग काढायचाच. २००० वॉटचा राउटर सुमारे ९ अॅम्पिअर घेतो, म्हणून १६ अॅम्पिअरचं सॉकेट हवं. त्याच बोर्डावर व्हॅक्यूम जोडायचा असेल तर इलेक्ट्रिशियनला वायरची जाडी आधी बघायला सांगा.