घड्याळ पाचव्याच दिवशी का थांबतं?

प्रश्न : आमच्या धाब्याच्या घरात आठ दिवसांच्या चावीचं, दोन वजनांचं उंच इंग्लिश घड्याळ आहे. रविवारी चावी दिली की शुक्रवारच्या आसपास थांबतं. लंबक हलवला की पुन्हा चालतं. यंत्र दोनदा साफ करून झालं. काय करावं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : यंत्र पुन्हा उघडू नका, आधी पेटी हलवून बघा. सेकंदाला एक ठोका देणाऱ्या लंबकाची लांबी सुमारे ९९४ मिलिमीटर असते. वजनं रोज वीतभराहून थोडी कमी खाली येतात आणि चार-पाच दिवसांत लंबकाच्या गोळ्याच्या पातळीला पोचतात. पेटी जराही डुलत असेल तर अशा वेळी वजनंही लंबकाच्याच तालात झुलू लागतात. लंबकाची ताकद त्यातच खर्च होते आणि घड्याळ थांबतं. शुक्रवारी दार उघडून बघा, वजनं हलताना दिसतील.

उपाय म्हणजे पेटी भिंतीला पक्की करणं. पण पांढऱ्या मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. त्यामुळे पेटी लाकडी खांबापाशी उभी करा, पाठफळी आणि खांब यांच्यातल्या फटीत तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा घाला आणि वरच्या भागात आरपार स्क्रू मारा. खांबाला वाळवी लागलेली नाही ना, हे आधी बघा.

मग ठोके ऐका. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं हवं, लंगडं नको. लंबक हळूच डावीकडे, मग उजवीकडे न्या. ज्या बाजूला ठोका लवकर पडतो त्या बाजूला लंबकाला ढकलणारी मागची तार किंचित वाकवा. वाकवताना अँकर (चक्राच्या दात्यांना आळीपाळीने अडवणारा नांगरासारखा भाग) हाताने धरून ठेवा, नाहीतर त्याचे टोकदार भाग आणि चक्राचे दाते दुखावतात.

तेलाबद्दलही सांगतो. खोबरेल आपल्याकडच्या थंडीत गोठतं, शिलाई मशीनचं तेल पसरतं आणि धूळ धरतं. घड्याळाचंच तेल घ्या, तारेच्या टोकाने प्रत्येक आसाच्या भोकाशी टिपकाभर द्या. दाते कोरडेच ठेवा.

प्रश्न : थंडीत बरोबर चालणारं घड्याळ मे महिन्यात चार-पाच मिनिटं मागे पडतं.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : लंबकाची पोलादी दांडी उन्हाळ्यात वाढते. २० अंशांच्या फरकाने ती पाव मिलिमीटरहूनही कमी लांबते, पण त्याने दिवसाला १० सेकंद, म्हणजे महिन्यात पाचेक मिनिटं जातात. गोळ्याखालची चकती फिरवून गोळा तेवढाच वर घ्या. १ मिलिमीटरने दिवसाला सुमारे ४३ सेकंद बदलतात, म्हणून बेताने फिरवा आणि गोळा दुसऱ्या हाताने धरा; वरची पातळ पट्टी पिळली की तुटते. याच दोषावर इंग्लिश घड्याळजी जॉर्ज ग्रॅहमने पाऱ्याचा लंबक आणि जॉन हॅरिसनने पितळ-पोलादाच्या दांड्यांची जाळी काढली.

प्रश्न : तबकडीवरचं नाव कारागिराचंच असतं ना?
– एक वाचक, धुळे

उत्तर : बहुतेकदा विकणाऱ्याचं. पेटी सुताराची, चक्रं दुसऱ्याची, रंगवलेली तबकडी तिसऱ्याची. बर्मिंगहॅमच्या ऑस्बोर्न आणि विल्सन यांनी १७७२ मध्ये अशा पांढऱ्या रंगवलेल्या तबकड्यांची जाहिरात दिली, त्यानंतर हा माल गावोगाव गेला. अशा तबकडीमागे ओतीव लोखंडी पट्टी असेल तर तिच्यावर तबकडीवाल्याचं नाव शोधा. समोरचं नाव सगळ्यात शेवटी, वरून रंगवलेलं असतं, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसलं की तेच आधी जातं. मऊ कोरड्या कुंचल्यानेच धूळ झटका.