बक्षीसपत्र करण्याआधी

काकू, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस तोच डोक्यात राहिला. मुलगा सिटिझन, तुम्ही सदुसष्टच्या, ग्रीन कार्डवर कायमच्या न्यूजर्सीला निघालात. कोथरूडचा फ्लॅट आत्ताच मुलीला बक्षीसपत्राने देऊन टाकावा, म्हणजे पुढे नर्सिंग होमची, म्हणजे तिकडच्या कायमच्या शुश्रूषा केंद्राची, वेळ आली तर खर्च सरकार करेल आणि घरही वाचेल, असा तुमचा हिशोब.

कागदावर तो बरोबर आहे. मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, हॉस्पिटलनंतर फार तर १०० दिवस बघतं, तेही नर्सची किंवा थेरपीची गरज असेल तर. न्हाऊमाखू घालणं, उठवणं-बसवणं वर्षानुवर्षं लागलं की ते मेडिकेडकडे, म्हणजे गरजूंसाठीच्या सरकारी मदतीकडे, जातं. तिथे न्यूजर्सीत एकट्या माणसाची शिल्लक २,००० डॉलरच्या आत लागते, आणि भारतातला फ्लॅटही त्यात धरतात. अर्जाआधीच्या ६० महिन्यांत कुणाला काही फुकट दिलं असेल, तर त्या किमतीच्या हिशोबाने तितका काळ मदत रोखतात. ग्रीन कार्डवाल्यांना तशीही सहसा पहिली पाच वर्षं मेडिकेड नाही. निघण्याआधी दिलंत तर दोन्ही पाच वर्षं बरोबरच सरतील. हे मुलाला एल्डर लॉच्या, म्हणजे वृद्धांचे हक्क नि मालमत्ता बघणाऱ्या, वकिलाकडून पक्कं करून घ्यायला सांगा.

आमच्याकडे चुकलं ते असं. माझ्याकडे अमेरिकेत राहणाऱ्या आईने २०१६ साली साताऱ्याचा फ्लॅट भावाच्या नावे केला. मीच म्हटलं होतं, कर, मला काय करायचंय. २०१८ ला तिला झटका आला, पुढच्या वर्षी मेडिकेडचा अर्ज. पाच वर्षांचे सगळे व्यवहार मागितले. सहकारी बँकेचं पासबुक, निम्म्या नोंदी फिक्या, एका पानावर चहाचा डाग. पन्नास हजार कुणाला दिले? भाचीच्या लग्नात. पुरावा? आहेराची पावती कोण ठेवतं हो! सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात अकरा नावं, त्यात आईचं एक. त्याचं भाषांतर करून, तिचा हिस्सा विकता येत नाही हे पटवण्यात चार महिने गेले. बक्षीसपत्राचा दंड वेगळा. तो काळ आम्ही खिशातून भरला, लेकीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्यातून. तिने स्टेट कॉलेज घेतलं, कधी बोलली नाही. मीही विषय काढत नाही.

भावाला फोन केला, निम्मे तरी दे. तो म्हणाला, तूच तर म्हणालास. खरं होतं. आता आम्ही फक्त दिवाळीला बोलतो.

एकटेपणाचं विचारलंत. होतो, सवय होते.

पण एक सांगतो, जे वकील सांगणार नाही. आईचं नि माझ्या बायकोचं वाजलं की आधी आई म्हणायची, "मी जाते साताऱ्याला." बक्षीसपत्रानंतर म्हणेनाशी झाली. मला वाटलं, रुळली. तिच्या पर्समध्ये साताऱ्याच्या जुन्या कुलपाची किल्ली होती, भावाने तर कुलूपही बदललं होतं.

देऊ नका असं मी म्हणत नाही. द्यायचाच असेल तर तुमच्या हयातीत राहायचा हक्क दस्तात लिहून घेता येतो. अर्जाच्या वेळी तो कसा मोजतील, तेही वकिलाला विचारा. आणि निघण्याआधी बँकेत जाऊन मागच्या पाच वर्षांची पासबुकं भरून घ्या, शिक्क्यासकट.