जंगलात गेल्यावर उलट जास्तच घाबरायला होतं, मग माझंच काही बिघडलंय का?

हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय, पण मागच्या वर्षी ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारी एक क्लायंट आली ती हे विचारताना अक्षरशः रडली. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) चौतीस वर्षांची, ऐरोलीला आयटीत जॉब, रात्री झोप नाही, छातीत धडधड. घरचे सगळे म्हणायचे अगं जवळच्या येऊरच्या जंगलात जा, झाडांत फिर, बरं वाटेल. गेली एका रविवारी, तर आत गेल्यावर फोनची रेंज गेली, बिबट्याचा बोर्ड दिसला, सगळीकडे शांत, आणि त्या शांततेत डोक्यातले विचार अजूनच मोठ्याने ऐकू यायला लागले, हातपाय गार पडले, नवऱ्याला म्हणाली आत्ताच्या आत्ता घरी चल. "मॅडम, सगळ्यांना बरं वाटतं, मलाच का नाही?"

बिघडलेलं काहीच नव्हतं. अँग्झायटीत मन सतत धोका शोधत असतं, त्यात अनोळखी जागा आणि रेंज नाही म्हटल्यावर ते अजून सावध होणारच ना. झाडांचा उपयोग होतो, पण आधी तिथे सेफ वाटायला हवं.

म्हणून आम्ही जंगल बाजूलाच ठेवलं. तिच्या किचनच्या खिडकीतून डोंगर दिसतो, सकाळी चहा तिथेच उभं राहून प्यायचा, दहा मिनिटं, मोबाईल आत ठेवून, एवढंच सांगितलं. तिला वाटलं मी तिची समजूत घालतेय. मग मी तिला रॉजर उलरिच या संशोधकांचा १९८४ चा अभ्यास सांगितला, अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले जे पेशंट होते त्यांच्यात खिडकीतून झाडं दिसणारे लवकर घरी गेले, त्यांना कडक पेनकिलरही कमी लागल्या, आणि ज्यांच्या खिडकीसमोर नुसती विटांची भिंत होती त्यांना जास्त. म्हणजे जंगलात आत न जाताही, नुसतं बघूनसुद्धा फरक पडू शकतो.

तीन आठवड्यांनी उपवन तलाव. तिथे माणसं असतात, रेंज असते, समोर येऊरची झाडी. विचार सुरू झाले की ते थांबवायचे नाहीत, फक्त कान तांबट पक्ष्याकडे न्यायचे, तो एका लयीत टुक टुक टुक करत राहतो, तो थांबेपर्यंत मोजायचं. मन रिकामं कर म्हटलं की कुणालाच जमत नाही, त्याला टेकायला काहीतरी लागतं.

आणि हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या झाडांच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. तिने केल्याही नाहीत.

येऊरच्या गेटच्या आत ती अजून गेलेली नाहीये. धडधड अधूनमधून होते, पण झोप बरीच सुधारलीये, आणि आता रविवारी उपवनला सासूबाईंनाही सोबत नेते, त्या म्हणे तिच्याआधीच तांबट मोजायला लागतात.