हळदीच्या कापडी पिशव्या, कागदी लेबले आणि प्लास्टिकच्या बरण्या एकाच स्क्रीनने छापता येतील का?

स्क्रीन प्रिंटिंगचे, म्हणजे जाळीतून शाई उतरवून छापण्याचे, तंत्र एकच आहे. जाळी आणि शाई मात्र वस्तूगणिक बदलावी लागते. चौकटीवर ताणलेल्या पॉलिएस्टरच्या जाळीला प्रकाशसंवेदी इमल्शनचा थर देऊन, त्यावर पॉझिटिव्ह (काळ्या नक्षीची पारदर्शक फिल्म) ठेवून प्रकाश दिला, की उजेड पडलेला भाग कडक होतो, नक्षीखालचा भाग पाण्याने धुतला जातो आणि स्क्वीजीने (रबरी पट्टीने) ओढलेली शाई तेवढ्याच मोकळ्या छिद्रांतून खाली उतरते.

कापड शाई पिते, म्हणून पिशव्यांसाठी सेंटिमीटरला साधारण ४३ ते ७७ धाग्यांची जाळी घ्यावी. लेबलावरच्या बारीक अक्षरांना १२० च्या आसपासची लागते. प्लास्टिसॉल, म्हणजे कापडावर वापरतात ती प्लास्टिकयुक्त शाई, हवेत वाळतच नाही. तिचा संपूर्ण थर सुमारे १६० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा लागतो, सांगलीच्या मे महिन्यातल्या उन्हाने ते काम भागत नाही. अर्धवट तापलेली छपाई हाताला कोरडी लागते, पण पिशवी ताणली की अक्षराला भेगा पडतात. आणि हळद भरण्याआधीच पिशव्या छापून घ्याव्यात, कारण विणीत बसलेल्या पुडीवर शाई नीट धरत नाही.

खरी अडचण बरण्यांची आहे. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या गुळगुळीत पृष्ठभागावर, आधी ज्योत फिरवून किंवा कोरोना प्रक्रिया (उच्च दाबाच्या विजेची) करून घेतल्याशिवाय, शाई चिकटत नाही. चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढली की शाई धरली आहे का ते लगेच कळते. गोल बरणीसाठी यंत्रही वेगळे असते, त्यात स्क्वीजी स्थिर राहून स्क्रीन सरकते आणि बरणी तिच्याबरोबर फिरते. थोड्याच बरण्या असतील, तर त्यांना छापील लेबल लावणेच परवडेल.