बंधारा एका गावाचा, धूप दुसऱ्या गावाची: खाडीच्या दोन तीरांवरच्या ग्रामपंचायतींनी एकत्र काम कसे करावे?

तुमच्या ग्रामपंचायतीने खाडीच्या मुखाजवळ धूपप्रतिबंधक बंधारा मागितला आहे, पलीकडच्या तीरावरच्या गावाचा त्याला विरोध आहे आणि दोघांनी मिळून काही करायचे तर कोणत्या वाटेने, असे तुम्ही विचारले आहे. खाडीकाठच्या ग्रामपंचायतीत मी काही काळ काम केले आहे. पलीकडच्यांचा विरोध केवळ ईर्षेपोटी आहे असे मी तरी गृहीत धरणार नाही.

कोकणात अनेक हद्दी खाडीच्या पाण्यातूनच गेल्या आहेत. बाणकोट खाडीच्या उत्तरेला रायगड जिल्हा, दक्षिणेला रत्नागिरी. विजयदुर्गच्या खाडीपाशी एकीकडे रत्नागिरी, दुसरीकडे सिंधुदुर्ग. वाळू मात्र याच मुखांशी इकडून तिकडे सरकत असते. पावसाळ्यात नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून पाण्याखाली नेतात आणि दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की तिचा बराचसा भाग परत येतो, त्यामुळे श्रावणातले फोटो दाखवून किनारा कायमचा गेला असे म्हणता येत नाही. दगडी बंधारा मागची जमीन राखतो हे खरे. पण त्यावर आपटून फिरलेली लाट पायथ्याची वाळू उकरते आणि बंधारा जिथे संपतो तिथल्या उघड्या पुळणीवर मारा वाढतो. वेळाससारख्या ठिकाणी, जिथे कासवे अंडी घालायला वर येतात, तिथे तर पुळणच अरुंद होणे परवडणारे नाही.

इंग्लंड-वेल्सच्या किनाऱ्याचे वाळूच्या हालचालीनुसार 11 मोठे विभाग पाडलेले आहेत आणि तिथल्या स्थानिक संस्था त्या विभागांच्या आधारे आराखडे करतात. आपल्याकडे तशी रचना नसली तरी संविधानाच्या अनुच्छेद 243 झेडडीनुसार जिल्हा नियोजन समितीने पंचायती व नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या बाबी, त्यांत नैसर्गिक साधनांची वाटणीही आली, विचारात घ्यायच्या असतात. दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात असतील तर दोन्ही ग्रामसभांनी सारख्याच शब्दांत ठराव करून तिथे पाठवावा. जिल्हे वेगळे असतील तर दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांबरोबर कोकण विभागीय आयुक्तांनाही द्यावा. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेखालच्या मंजुरीसाठी प्रस्ताव राज्याच्या किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो, त्यालाही एक प्रत जोडावी. बंधाऱ्याचा आराखडा पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडून तपासून घ्यावा आणि तपासणीत दोन्ही तीर धरावेत, ही मागणी ठरावात स्पष्ट असू द्या. एकाच तीराची तपासणी झाली तर भांडण जिथल्या तिथेच राहील.

ठरावाची वाट न पाहता करता येण्यासारखे काम म्हणजे मोजणी. दोन्ही गावांनी पक्क्या खुणा रोवाव्यात, त्यांपासून पुळणीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर पावसाळ्याआधी आणि नंतर एकाच दिवशी मोजावे, नोंदीवर दोन्हीकडच्या सह्या घ्याव्यात. एका गावाच्या आकड्यांवर दुसरे गाव सहसा विश्वास ठेवत नाही, आणि त्यात त्यांचे फारसे चुकते असेही नाही.

होड्यांचा मार्ग मोकळा करताना मुखातून गाळ काढला जातो, त्यातली वाळू कोणत्या पुळणीवर टाकायची हेही आधीच लिहून घ्या, आणि त्या बैठकीला दोन्हीकडच्या मच्छीमार संस्थांना बोलवा. बंधाऱ्याच्या टोकाला धूप वाढली तर दुरुस्तीची मागणी दोन्ही ग्रामपंचायतींनी एकत्र करायची, हे कलम माझ्या मते सर्वांत आधी लिहावे, कारण पलीकडचे गाव सही करील ते त्याच्याच भरवशावर.